ग्रेडेड कार्डांसाठी लेबल आणि केस: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी, सांगलीतून

माझ्या भाच्याची बावीस ट्रेडिंग कार्डं, म्हणजे पोकेमॉनसारखी जमवायची कार्डं, बुटांच्या एका खोक्यात उभी लावलेली असतात. त्यातली चार ग्रेड होऊन आलेली, जाड पारदर्शक प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये बंद. बाकीची आम्ही दोघांनी घरी केलेल्या केसमध्ये. पहिल्या वर्षी एक कार्ड काढायचं म्हटलं की अख्खा खोका उपसावा लागायचा, कारण वरून बघितलं तर सगळ्या केसच्या नुसत्या कडा दिसायच्या. एकदा त्यानं एक केस हातभर लांब धरून विचारलं, "मावशी, हा नऊ आहे का एक?" तो आकडा मी लिहिला होता, देवनागरीत, बारीक, राखाडी पट्टीवर. सांगलीच्या खणभागात मी लग्नपत्रिका डिझाइन करते, अक्षरं हेच माझं काम. त्यामुळे तो प्रश्न मनाला लागला आणि लेबल अगदी पहिल्यापासून नव्यानं करायला घेतलं. त्यातून जे हाताला लागलं ते इथं क्रमानं लिहिते आहे.

आधी थोडी ओळख. ग्रेडिंग कंपनी कार्डाच्या चार गोष्टी तपासते: छपाई चौकटीच्या मधोमध आहे का, म्हणजे सेंटरिंग; कोपरे; कडा; आणि पृष्ठभाग. मग १ ते १० मधला आकडा देते आणि कार्ड स्लॅबमध्ये बंद करून वरच्या भागात लेबल घालते. पीएसए ही कंपनी १९९१ पासून हे काम करते, बेकेटची ग्रेडिंग सेवा १९९९ ची, आणि कॉमिक्सवाली सीजीसी २०२० मध्ये कार्डांकडं वळली. तिन्ही अमेरिकेतल्या. काही डिझाइन करण्याआधी यांची लेबलं अर्धा तास नीट बघा. पीएसएची लाल चौकट, उजवीकडं ग्रेड, खाली सर्टिफिकेट नंबर. बेकेटच्या बऱ्याच लेबलांवर चारही गोष्टींचे सुटे गुण छापलेले असतात, आणि लेबलचा रंगही बोलतो: वरच्या ग्रेडला सोनेरी, चारही गुण दहा असतील तर काळं. दुकानातला माणूस नंबर वाचायच्या आधी रंग ओळखतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. कंपनीचा स्लॅब उघडायचा नाही. त्याचे दोन भाग बहुतेक वेळा अल्ट्रासोनिक वेल्डिंगनं जोडलेले असतात. वेगवान कंपनांच्या घर्षणानं प्लास्टिक कडेला वितळून एकजीव होतं. ते फोडलं की खूण राहते आणि ग्रेडचा भरवसा संपतो. आणि आपल्या लेबलवर कंपनीची लाल चौकट, लोगो किंवा मांडणी उचलायची नाही. उद्या ते कार्ड चौथ्या हातात जाईल आणि तो माणूस फसेल. आपलं लेबल लांबूनच आपलं वाटलं पाहिजे.

लेबलवर काय लिहायचं

कार्ड न बघता नेमकं कुठलं कार्ड ते कळलं पाहिजे, एवढी माहिती हवी. कार्डाचं नाव, सेट, वर्ष, सेटमधला क्रमांक, प्रकार आणि भाषा. उदाहरणार्थ: चॅरिझार्ड, बेस सेट, १९९९, ४/१०२, होलो, इंग्रजी. यातलं "होलो", म्हणजे चकाकत्या फॉइलचं, गळलं तरी चालेल असं नवख्याला वाटतं, पण एकाच चित्राचं साधं आणि होलो अशी दोन कार्डं असली की किमतीत जमीनअस्मानाचा फरक पडतो. कार्डाचं नाव कार्डावर जसं छापलं आहे तसंच, त्याच लिपीत ठेवा. आपली टिपणं मराठीत लिहा.

ग्रेड झालेल्या कार्डाच्या बाहेरच्या केसवर लेबल लावणार असाल तर कंपनीचं नाव, ग्रेड आणि सर्टिफिकेट नंबर जसेच्या तसे उतरवा, आणि आतल्या लेबलवरचा नंबर व बारकोड झाकला जाणार नाही अशी जागा निवडा.

ग्रेड न झालेल्या कार्डाला स्वतःच "१०" देऊ नका. त्याऐवजी जे मोजलं आणि जे दिसलं ते लिहा. सेंटरिंग तर पट्टीनंही मोजता येतं. समजा डावीकडची किनार २.६ मिलिमीटर आणि उजवीकडची ३.४. बेरीज ६. म्हणजे डावी बाजू ४३ टक्के, उजवी ५७. लेबलवर "सेंटरिंग ४३/५७" एवढं पुरतं. कोपऱ्यांसाठी "मागच्या बाजूला वर डावीकडं पांढरं उतरलंय" असं एक वाक्य कुठल्याही आकड्यापेक्षा उपयोगी. सोबत तपासल्याची तारीख टाका. भाच्याला हे आधी रुचलं नव्हतं, त्याला मोठा आकडा हवा होता. आता तो भिंग घेऊन स्वतः कोपरे बघतो आणि मला लिहायला सांगतो.

अक्षरं

इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक घरगुती लेबलं इथंच बिघडतात.

आमच्या केसमध्ये लेबल ६६ बाय १९ मिलिमीटरचं. एवढ्या जागेत तीन ओळी बसतात, चौथी कोंबू नका. देवनागरीला रोमनपेक्षा उंची जास्त लागते: वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीसाठी ठेवलेलं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर धरा. पातळ रेषांचे फॉन्ट टाळा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही मोफत मिळतात आणि लहान आकारात तग धरतात. फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत का ते बघा, आणि "दुसऱ्या" हा शब्द टाइप करून ऱ्य नीट उमटतो का तेही तपासा.

जुन्या पद्धतीच्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये काम केलंत तर प्रेसच्या मशिनवर तो फॉन्ट नसला की नावाची जागा चिन्हांनी भरते. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल देण्याआधी सगळी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे मजकुराच्या नुसत्या आकृत्या करा, आणि कर्व्ह न केलेली एक प्रत स्वतःकडं ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी एक नाव बदलायला अख्खं लेबल परत करावं लागतं.

आकड्यांचा प्रश्न माझ्यासाठी भाच्यानं सोडवला. देवनागरी १ आणि ९ लहान आकारात, हातभर अंतरावर, पिवळ्या बल्बखाली सारखे दिसू शकतात. शिवाय कंपनीचा सर्टिफिकेट नंबर तिच्या साइटवर इंग्रजी आकड्यांतच शोधावा लागतो. म्हणून ग्रेड आणि नंबर आम्ही इंग्रजी आकड्यांत छापतो, बाकी मजकूर मराठीत. ग्रेडचा आकडा लेबलच्या उंचीच्या निम्मा, उजव्या टोकाला, आजूबाजूला मोकळी जागा सोडून.

आणि रंग. पांढऱ्या किंवा फिक्या जमिनीवर काळी अक्षरं. गडद जमिनीवर पांढरी देवनागरी अक्षरं छापली की शाई कडेनं आत सरकते आणि बारीक वळणं बुजतात. काळा रंग एकाच शाईचा ठेवा, म्हणजे काळी शाई (के) १०० टक्के आणि बाकी तिन्ही रंगांच्या शाया शून्य. चार शायांचा काळा स्क्रीनवर झकास दिसतो, पण छपाईत शाया केसाएवढ्या सरकल्या तरी लहान अक्षराला रंगीत भूत चिकटतं. सेटनुसार रंग द्यायचा असेल तर लेबलच्या डाव्या टोकाला ४ मिलिमीटरची पट्टी पुरे. लाल आणि हिरवा शेजारी ठेवून फरक दाखवू नका. काही पुरुषांना तो नीट दिसत नाही.

कार्डाच्या चित्रातलाच रंग उचलून लेबलला देण्याची फॅशन आहे. एकटं कार्ड फोटोत छान दिसतं, पण खोक्यात बावीस रंगांची बावीस लेबलं उभी राहिली की कशावरच नजर ठरत नाही. माझं मत फिक्या एकाच रंगाच्या बाजूनं आहे.

क्यूआर कोड शंभराच्या पुढं संग्रह गेल्यावरच घाला. घातलात तर त्यात लिंक ठेवू नका, लिंका मरतात. फक्त तुमच्या वहीतला अनुक्रमांक ठेवा. तेवढ्या मजकुराला २१ बाय २१ चौकटींचा सगळ्यात लहान कोड पुरतो. प्रत्येक चौकट ०.४ मिलिमीटरची आणि चारही बाजूंना चार-चार चौकटींएवढी रिकामी जागा धरली तर तो ११.६ मिलिमीटरमध्ये बसतो.

छपाई

रेषा आणि अक्षरं व्हेक्टरमध्येच, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणाऱ्या आकृत्यांमध्येच, राहू द्या, चित्र असेल तर ३०० डीपीआय. कापताना इकडंतिकडं होतं म्हणून जमिनीचा रंग चारही बाजूंनी २ मिलिमीटर बाहेर काढा. डिजिटल प्रेसच्या १२ बाय १८ इंची एका शीटवर या मापाची बहात्तर लेबलं बसतात, म्हणजे एका शीटमध्ये नवख्याची दोन-तीन वर्षं निघतात. पत्रिकांच्या उरलेल्या कागदाच्या पट्ट्या वापरायचा मोह मला झाला होता. पण लेबल वर्षानुवर्षं कार्डाच्या शेजारी बंद राहणार, म्हणून ॲसिड-फ्री मॅट कागदच मागा. कुरिअरच्या पावतीसारखा थर्मल कागद कधीच नको, तो उष्णतेनं आणि मऊ पीव्हीसीच्या संगतीनं कोरा होतो.

रंग टिकतो का हे बघायची सोपी रीत: छापलेल्या लेबलचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलनं झाकून ते महिनाभर गच्चीच्या खिडकीत ठेवा. फॉइल काढल्यावर मधोमध रेघ दिसली तर ती शाई नको. डायच्या शाईचे इंकजेट प्रिंट इथं लवकर हरतात, पिगमेंट शाई आणि लेझरचा टोनर त्या मानानं दम धरतो.

केस

कार्ड साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं, जाडी ०.३ मिलिमीटरच्या आसपास. काही जपानी खेळांची कार्डं लहान असतात, ५९ बाय ८६. व्हर्नियर घेऊन स्वतःचं कार्ड आणि स्वतःची स्लीव्ह, म्हणजे कार्डावरची पातळ प्लास्टिकची पिशवी, मोजा. आमची स्लीव्ह बाहेरून ६६ बाय ९१ भरते, म्हणून आतली जागा ६७ बाय ९२ ठेवली, चारही बाजूंना अर्धा मिलिमीटर मोकळा.

केस तीन थरांची: पुढं २ मिलिमीटर ॲक्रिलिक, मध्ये १ मिलिमीटरची चौकट, मागं पुन्हा २ मिलिमीटर. बाहेरचं माप ८४ बाय १३४. वरून खाली हिशेब असा: ८ कड, २० लेबलची खिडकी, ६ मधली पट्टी, ९२ कार्डाची खिडकी, ८ कड. चार कोपऱ्यांना ३ मिलिमीटरचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. साधे घेतलेत तर एका पावसाळ्यात तांबडे होतात. शंभर फुटी रस्त्यावर किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत नावाच्या पाट्या आणि ट्रॉफ्या करणाऱ्यांकडं लेझर असतो. त्यांना फाइल दिली की हे काम होतं. मालाचं नाव स्पष्ट सांगा: ॲक्रिलिक. ते काचेसारखं स्वच्छ, ९२ टक्के उजेड पार जाऊ देतं. पॉलिस्टायरीन ठिसूळ. पॉलिकार्बोनेट हातोड्यानं फुटत नाही, पण सहज ओरखडतं. पीव्हीसीचा पत्रा लेझरखाली घालायचाच नाही, त्यातून विषारी क्लोरीनयुक्त वायू निघतो. आणि मऊ पीव्हीसीच्या थैल्यांमधली वंगणासारखी द्रव्यं पाझरून कार्ड चिकट करतात, म्हणून स्लीव्ह पॉलिप्रोपिलीनची.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे आतली जाडी. केस सैल झाली तर कार्ड खुळखुळतं आणि कोपरे झिजतात. घट्ट झाली तर आणखी वाईट. जुन्या स्क्रूवाल्या केसमध्ये स्क्रू आवळून कार्डं अक्षरशः चेपली गेली आहेत. त्यात भर म्हणजे चकचकीत स्लीव्ह पुढच्या ॲक्रिलिकला टेकली की तेलाच्या तवंगासारखी रंगीत वलयं दिसतात. ही न्यूटनची वलयं, दोन गुळगुळीत पृष्ठभागांमधल्या अतिशय पातळ हवेमुळं होणारी.

यावर आम्ही काढलेला उपाय सांगते. स्लीव्ह कार्डापेक्षा चारही बाजूंनी दीड मिलिमीटर मोठी आहे. त्या रिकाम्या काठावर २ मिलिमीटर रुंद आणि ०.२ मिलिमीटर जाड पेट (PET) प्लास्टिकची चौकट ठेवायची. अर्धा मिलिमीटर मोकळ्या जागेत जातो, दीड स्लीव्हच्या काठावर बसतो, कार्डाची किनार अजिबात झाकली जात नाही. कार्डामागं ०.३ मिलिमीटरचा ॲसिड-फ्री कागद. बेरीज करा: चौकट ०.२, स्लीव्हसकट कार्ड ०.४५, कागद ०.३, एकूण ०.९५. मधला थर १ मिलिमीटर. म्हणजे कार्ड हलत नाही आणि दबतही नाही. फक्त ॲक्रिलिकची जाडी एकाच पत्र्यातही कमीजास्त असते, तेव्हा कापून आलेली चौकट चार ठिकाणी मोजल्याशिवाय पुढं जाऊ नका. स्क्रू दोन बोटांच्या चिमटीत फिरेल तेवढाच.

आमची पहिली केस स्क्रूची नव्हतीच. दोन पत्रे इन्स्टंट ग्लूनं चिकटवले, रात्री टेबलावर ठेवले. सकाळी आतून सगळीकडं पांढरट धुकं, जिथं ग्लूचा थेंबही नव्हता तिथंही. या ग्लूची वाफ जवळच्या पृष्ठभागावर बसून पांढरी साय धरते. ती सहज पुसून जात नाही. नशिबानं आत कार्ड नव्हतं, मी लेबलाचा नमुना घालून बघत होते. पाट्या करणारे ॲक्रिलिक क्लोरोफॉर्मनं जोडतात. तो जोड स्वच्छ येतो, पण त्याची वाफ कार्डाबरोबर कोंडायची मला भीती वाटते. कोणी जोडून दिलंच तर चार-पाच दिवस उघडं हवेशीर ठेवून मगच वापरा.

कापून आल्यावर वरचा कागदी थर सगळ्यात शेवटी काढा. धूळ मऊ, किंचित ओल्या मायक्रोफायबरनं टिपा. स्पिरिट, सॅनिटायझर किंवा काच पुसायचा स्प्रे लावू नका. लेझरनं कापलेल्या कडेला अल्कोहोल लागलं की केसासारख्या भेगा पडतात.

उन्हाचं काय? साधं ॲक्रिलिक सगळी अतिनील किरणं अडवत नाही, आणि रंग नुसत्या दिसणाऱ्या उजेडानंही उडतात. हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे: साडीवर हळदीचा डाग पडला की धुऊन उन्हात टाकतात आणि डाग जातो. भाच्याला पटवण्यासाठी मी हळदीचं पाणी पांढऱ्या कागदावर ओढलं. एक तुकडा आमच्या केसमध्ये घालून खिडकीत, एक तसाच खिडकीत, एक कपाटात. संध्याकाळी कपाटातला तुकडा लखलखीत पिवळा होता. केसमधला उघड्या तुकड्याएवढाच फिका पडला होता. त्यानंतर शोकेसमध्ये कार्डं मांडायचा हट्ट त्यानं सोडला.

केस बंद कधी करायची

सांगलीत याचं उत्तर ऋतू देतो. फॉइलचं कार्ड पावसाळ्यात कमान धरतं, कारण कागद दमटपणा पिऊन फुगतो आणि फॉइलचा थर फुगत नाही. अशा दिवसांत केस बंद केली तर तो ओलावा आतच कोंडतो. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची, पण आत जायची ती खडखडीत वाळवूनच. आम्ही सगळ्या केस डिसेंबर-जानेवारीत बंद करतो. त्याआधी कार्डं स्लीव्हमध्ये घालून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात दोन दिवस ठेवतो. पुड्या कार्डाला टेकू देऊ नका, आणि हवामापक मिळाला तर आर्द्रता ४०-५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या. एकदम कोरडं केलं तर कार्ड उलट्या बाजूला वाकतं.

खोक्यात लावताना

सुरुवातीचा प्रश्न, वरून काही दिसत नाही हा. तीन थर मिळून केसची वरची कड ५ मिलिमीटरची होते. तिच्यावर ४ मिलिमीटर उंचीची पट्टी लावा: डावीकडं अनुक्रमांक, मग नाव, उजव्या टोकाला ग्रेड. कंपनीच्या स्लॅबला स्टिकर थेट लावायचा नाही. स्लॅबसाठी मिळणाऱ्या पातळ पिशवीत स्लॅब घाला आणि पट्टी पिशवीवर लावा. छापण्याआधी साध्या कागदावर एकास एक मापात प्रिंट काढून केसमध्ये घाला आणि संग्रहाशी काही संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्या. आमच्याकडं ती आई असते. ती चष्मा शोधायला उठली तर अक्षर मोठं करायचं.

वहीत प्रत्येक अनुक्रमांकापुढं कार्डाचे पुढचे-मागचे फोटो, कधी आणि कितीला घेतलं, सर्टिफिकेट नंबर. वहीच्या पानांचे फोटो बहिणीच्या फोनवरही ठेवले आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीत एक जुना अल्बम राहिला होता. चकचकीत लेपाचा कागद भिजून एकमेकांवर वाळला की तो लेप चिकटून बसतो. ती कार्डं विटेसारखी एक गठ्ठा झाली आणि सोडवताना चित्रं सोलून निघाली. वर सांगितलेली केस पाणी अडवत नाही, स्क्रूच्या भोकांतून ते आत जातंच. म्हणून आमचा खोका झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात असतो, डबा वरच्या मजल्यावर, खिडकीपासून लांबच्या भिंतीला. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही त्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या बदलतो आणि वहीतला एकेक नंबर खोक्याशी ताडून बघतो.